पट्ट्याचा आवाज

गाड्यांची सीटं शिवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळे त्याला सीटवालाच म्हणत. दुसऱ्यांच्या गाड्यांना गुबगुबीत गाद्या करून देता देता केस पिकायला लागले, पण स्वतःची गाडी काही दारात आली नाही. आली ती आईच्या आजारपणात. आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि हाताच्या व्यायामासाठी तिला दिवसाआड दवाखान्यात न्यायचं ठरलं. बसची पायरी काही तिला चढवेना.

गाडीसाठी कर्ज मागायला तो बँकेत गेला, तर तिथल्या बाईंनी संगणकात बघून मान हलवली. झालं होतं असं, की मागे त्याने शिलाई मशीनसाठी कर्ज काढलं होतं. काम मंदावलं, हप्ते थकले, आणि या शहाण्याने काय करावं? बँकेचे फोन उचलायचेच बंद केले. पुढे दंडासकट सगळं फेडलं, पण व्हायचं ते होऊन बसलं होतं. "फेडलंत हो, पण रडवून फेडलंत," बाई म्हणाल्या, "इथे ते रडणंच दिसतं."

मग जुन्या गाड्यांचा दलाल भेटला. जिभेवर नुसती साखर. पत खराब आहे? असू द्या की, आमच्याकडे सगळ्यांना कर्ज मिळतं. मिळतं म्हणजे काय, तर व्याज बँकेच्या दुप्पट, सुरुवातीला भरायची रक्कम मोठी, गाडीची किंमत मुळातच फुगवलेली, आणि वर स्टिअरिंगखाली बसवलेली एक डबी. हप्त्याची तारीख चुकली की गाडी चालू असेपर्यंत डबी वाजत राहणार. आणखी लांबवलं तर गाडी चालूच होणार नाही. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. त्याने मुकाट्याने सही केली.

आईला मात्र सांगितलं, रोखीने घेतली. कारण आई म्हणजे आई. नवरा गेल्यावर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून तिने पोर वाढवलं, पण शेजारी कधी वाटीभर साखर उसनी मागितली नाही. "उसनं घशाखाली उतरत नाही," म्हणायची. अशा बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुझा मुलगा पत घालवून बसलाय आणि तू बसलीस ती गाडीसुद्धा आपली नाही?

पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाने पैसे लांबवले आणि डबी वाजली. पीं पीं पीं. आई पुढे बसलेली, मागे शेजारच्या काकू. "कसला रे हा आवाज?" काकूंनी विचारलं. त्याची जीभ टाळ्याला चिकटली, आणि सुटली तेव्हा भलतंच बोलून गेली.

"आईचा पट्टा नीट लागला नाही, त्याचा आहे."

वड्याचं तेल वांग्यावर, आणि तेही जन्मदात्या आईच्या नावाने! सीट नि पट्टे याला कळणार नाहीत तर कुणाला, म्हणून आईने डोळे झाकून विश्वास ठेवला. लुळ्या बोटांनी तिने पट्टा सोडला, पुन्हा लावला. "अजून वाजतंय रे," ती म्हणाली. घर येईपर्यंत ती पट्ट्याची कडी दाबून धरून बसली. खरं सांगायला त्याचं तोंड काही उघडेना.

दोन-तीन खेपांनंतर ती म्हणाली, "तुझ्या दुकानात जुने पट्टे असतील ना? एक आण. घरी सराव करते." नाही कसं म्हणणार? त्याने पट्टा आणला आणि आपल्या हाताने तिच्या खुर्चीला शिवून दिला. टाके सुबक घातले, सवयच ती. रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आईचं खट्, खट् चालायचं. कडी चुकली की स्वतःशीच पुटपुटायची, "मेली बोटं." आतल्या खोलीत त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

गिऱ्हाइकाने पैसे दिले, हप्ता भरला गेला, डबी गप्प झाली. आईने पट्टा लावला, कान देऊन ऐकलं आणि लहान मुलीसारखी हसली. "बघ, जमलं मला." काकूंना सांगून झालं, दवाखान्यात सांगून झालं. व्यायाम घेणाऱ्या मुलीने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. आई त्याच्याकडे बघत होती, म्हणून त्यानेही वाजवल्या.

पुढच्या महिन्यात हप्ता पुन्हा चुकला. दवाखान्याच्या दारात गाडी चालू केली आणि पीं पीं सुरू. आईचा चेहरा उतरला. तिने पट्टा सोडला, लावला. सोडला, लावला. मग हात मांडीवर ठेवून हळूच म्हणाली, "मला आपलं बसनेच नेत जा बाबा. चढेन कशीतरी. माझ्यामुळे तुला चारचौघांत खाली बघावं लागतं."

त्याने गाडी बंद केली.

"आई, पट्टा बरोबर लागलाय. पहिल्या दिवसापासून बरोबर लागत होता. गाडी हप्त्यावर घेतलीय. मी हप्ता चुकवला की ते वाजतं."

आता ती उसनवारीवरून बोलणार, बोलायलाच हवं, म्हणून तो मान घालून वाट बघत बसला. आईने मांडीवरचा हात उचलून पट्ट्याची कडी चाचपली. कर्जाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

"मग खुर्चीला पट्टा कशाला शिवून दिलास?" तिने विचारलं.