मुक्या कार्टून्सची चौकशी

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईने संशय घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा? पण ऐंशीच्या दशकात, लंडनच्या पिनर उपनगरात असताना, मी चक्क कार्टून्सच्या मागे लागले होते.

मुलगी पाच वर्षांची होती. तिची शाळा साडेतीनला सुटायची आणि मी पोचायचे सहाला. मधला वेळ ती आमच्याच रस्त्यावरच्या एका आजींकडे असायची. आजी मुंबईहून आलेल्या ज्यू, घरात एकट्या, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. शाळेतून तिला आणायच्याही त्याच. माझी अट एकच होती: टीव्ही नाही. पुण्याहून आणलेलं गोष्टींचं पुस्तक मी त्यांना देऊन ठेवलं होतं, रोज एक गोष्ट वाचून दाखवा म्हणून.

टीव्हीला माझा विरोध उगाच नव्हता. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः बसून तपासणी केली होती. चारनंतर मुलांसाठी देशोदेशींची कार्टून्स लागत. शेवटी रोमन आकड्यांत साल येई, ते मी सोडवायचे: अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. म्हणजे शिळा माल! जपानी पोरांचे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. पण सगळ्यात डाचायची ती पूर्व युरोपातली. त्यांत कुणी बोलतच नसे. नुसतं संगीत, आणि प्राणी आपले धडपडतायत. एवढं गप्प राहून हे लोक मुलांना काय शिकवत असतील, असं माझ्या मनात येई.

मग मुलगी बेडकाच्या आणि सशाच्या अशा गोष्टी सांगू लागली, ज्या पुस्तकात नव्हत्याच. पुस्तकात मी मुद्दाम बसचं तिकीट ठेवलं होतं. ते महिनाभर तिसऱ्या पानावरून हललं नाही. एकदा आजी आत चहा करत असताना मी टीव्हीच्या पाठीला हात लावला. चांगला गरम होता. चहा ओतताना आजी कपाच्या कडेला बोट आत घालून धरत, तेही मला खटकायचं. एकच गोष्ट जुळत नव्हती. मुलीचं मराठी सुधारत चाललं होतं. चढला, घसरला, लपला, डोकावला, असे शब्द तिच्या तोंडी यायला लागले होते. टीव्ही बघून मराठी कसं येईल?

शेवटी एका गुरुवारी मी कामावरून लवकर निघाले आणि आजींच्या मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. दार उघडंच होतं. आत टीव्ही चालू होता.

"आता?" आजींनी विचारलं.

"आता ससा पाइपमध्ये गेला."

"आणि बेडूक?"

"बेडूक बाहेर बसलाय. रडतोय. नाही, थांब आजी, हसतोय."

आजींचं तोंड टीव्हीकडे नव्हतंच. त्या मुलीकडे कान देऊन बसल्या होत्या, आणि संगीत बदललं की पुढचं ऐकायला अधीर होत होत्या.

मी आत गेले. "आजी, माझ्या हातात काय आहे सांगा."

त्यांनी मान जरा तिरकी केली. "पर्स," म्हणाल्या.

माझे हात रिकामे होते.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होत आली. कडेकडेचं दिसतं अजून."

"मग हिला शाळेतून आणता कशा?"

"मीच आणते आजीला!" मुलगी फुशारकीने म्हणाली. "रोड क्रॉस करताना मी सांगते, कार नाहीये, चल."

त्या रस्त्यावरून बस जायच्या.

"तुम्ही येईपर्यंत मी गॅस पेटवत नाही हो, विचारा तिला," आजी घाईघाईने म्हणाल्या. "वाचता येईना, म्हणून टीव्ही लावला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिला पाठवलं नसतं. उद्यापासून नाही लावणार. पण पाठवा तिला."

मी पाठवलं नाही. शाळेजवळच्या एका इंग्रज बाईंकडे सोय केली. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर हेच करेन. पण त्यानंतर मी आजींच्या घरासमोरून जायचं टाळू लागले, आणि तो मात्र माझा भित्रेपणा होता.

मनाला टोचत होतं, म्हणून घरातली टीव्हीची बंदी मीच उठवली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मुलीजवळ सोफ्यावर बसले. नेमकं एक मुकं कार्टून लागलं. ती लगेच माझ्याकडे वळली.

"आता कोल्हा झाडावर चढतोय. आता शेपूट अडकली. आता..."

"अगं, मला दिसतंय," मी म्हणाले.

ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग टीव्हीकडे वळली आणि गप्प झाली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला राहवेना.

"मग? कोल्ह्याचं काय झालं?" मी विचारलं.

"तुला दिसतंय ना, आई," ती म्हणाली.