खेळाडूच्या नावाचा पब

अमेरिकेतल्या ॲन आर्बरजवळच्या एका खेड्यातला पब तिथल्याच बेसबॉलपटूच्या नावानं चालतो. तिथे खिडकीपाशी एक म्हातारा नेहमी बसलेला असतो. नवं गिऱ्हाईक दिसलं, की टोपी मागे सारून तो पबचा इतिहास सुरू करतो. शेवटच्या बॉलला त्या पठ्ठ्यानं असा टोला हाणला, की बॉल चर्चच्या छपरावर गेला आणि गाव जिंकलं! मालकानं दुसऱ्याच दिवशी पाटी बदलली.

मी विचारलं, "तुम्ही पाहिलात तो टोला?"

"अगदी समोरून. बॉल मीच टाकला होता, शेजारच्या गावाकडून."

"मग इथे कसे?"

"आमच्या गावात कुणी माझ्याशी बोलेना. इथे मात्र सगळ्यांनी मिठ्या मारल्या. मग इथेच लग्न करून राहिलो."

एवढं बोलून त्यानं तो बॉल कसा टाकला, ते उभं राहून दाखवलं. ऐट अशी, की जणू मॅच त्यानंच जिंकली होती.