उजेड कोणत्या ताऱ्याचा?

कोचिंगच्या स्टाफरूममध्ये किस्से खडूच्या भुकटीसारखे साचतात. बाकीचे मास्तर ते सांगून हसतात. माझं मात्र अजून डोकं फिरतं!

मी लातूरला फिजिक्स शिकवायला आलो तेव्हा भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती आणि गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. त्याआधी माझं संशोधन तेजोमेघांवर. अतिनील किरण ओझोनमध्ये अडतात, म्हणून उपग्रहाची निरीक्षणं घ्यायची आणि कोणत्या ताऱ्याच्या उजेडाने मेघातली धूळ चमकते ते शोधायचं. मुलाखतीत आमच्या संचालकांनी हे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "यावर किती मार्कांचं येतं?"

* * *

एकदा पोर्शन लवकर संपला, म्हणून वर्गात एका तेजोमेघाचा फोटो दाखवला. उजेड कोणत्या ताऱ्याचा? सगळ्यांनी सर्वांत ठळक ताऱ्याकडे बोट केलं. औशाकडची सुरेखा तेवढी उभी राहिली.

"सर, तो नुसता मधी दिसायलाय. मेघाजवळ हाय कशावरून?"

हे कळायला मला दोन वर्षं लागली होती! भूकंपानंतर तिच्या घरचे छपराखाली झोपायला घाबरायचे. वर्षभर उघड्यावर काढलं, तेव्हापासून तिला आकाशाचं वेड.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली : वर्गात फोटो दाखवू नयेत.

* * *

पुढच्या टेस्टमध्ये प्रश्न होता, अतिनील किरणांचा उपयोग कोणता? सुरेखाने 'तप्त ताऱ्यांचा अभ्यास' हा पर्याय निवडला. चूक! उत्तरांच्या कीमध्ये 'निर्जंतुकीकरण' होतं. दोन्ही बरोबर आहेत, असं मी संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, "की छापून झाली."

* * *

बारावीला सुरेखा क्लासमध्ये पहिली आली. मेडिकल सहज मिळत होतं, पण तिला बीएस्सी फिजिक्स करायचं होतं. 'भावी डॉक्टर' असा फ्लेक्स चौकात आधीच लागलेला. तिचं मन वळवा, नाहीतर जूनपासून येऊ नका, असं संचालकांनी मला बजावलं. मी गेलो समजवायला. लाज वाटते सांगायला, पण गेलो.

ती म्हणाली, "सर, तुमी सोडलं म्हणून मी बी सोडू का?"

* * *

सत्काराला ती वडिलांसोबत आली. बीएस्सीच्या प्रवेशाची पावती तिच्या हातातच होती. आमच्याकडे पहिल्या आलेल्याला स्टेजवर स्टेथोस्कोप द्यायची पद्धत. संचालकांनी तो तिच्या गळ्यात घातला, फोटो काढून घेतला आणि माईक तिच्यापुढे धरला.

सुरेखाने स्टेथोस्कोप कानाला लावला. दुसरं टोक संचालकांच्या छातीवर ठेवलं. नीट, डोळे मिटून ऐकलं.

मग माईकवर म्हणाली, "न्हाई सर. काहीच ऐकू येईना."