एकादशीचा डबा

मेट्रोनं के. आर. पुरम स्टेशन सोडलं, ढग खिडकीला लागून चालले. शेजारच्या बाई या कानडी मुलखात डोळे मिटून मराठीत नामस्मरण करत होत्या. एकादशी होती, त्यांची निर्जळी, माझी साबुदाणा-वड्यांची. त्यांच्या मांडीवरच्या डब्यातून मात्र मटणाच्या सुपाचा वास येत होता.

मी चोंबडेपणानं विचारलंच, "अक्का, हे चालतं?"

"लेकीला आहे. बाळंतपणात फार रक्त गेलंय तिचं. जन्मात अंड्याला शिवले नाही मी. नाकाला पदर बांधून शिजवलं."

"आणि शास्त्र?"

"माझ्या पोटाला चिमटा बसतो तेवढं पाळते, बाबा. लेकीच्या पोटावर येतं ते सोडते."

मी तर आजवर जिभेला विचारूनच शास्त्र ठरवलं होतं.

स्टेशन आलं. नैवेद्य न्यावा तसा डबा दोन्ही हातांवर धरून त्या निघाल्या. मी पुजाऱ्याच्या रुबाबात पुढं होऊन गर्दी बाजूला सारली.