पूर्णेकाठची दाढ

अकोटच्या मुलींच्या शाळेत मला शास्त्र शिकवायची नोकरी लागली, त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत मी पूर्णेकाठी थोरल्या बहिणीच्या गावी गेले. आमच्या घरात बीएस्सी झालेली मी पहिलीच. बहिणीच्या सासूबाईंना माझं भारी कौतुक. मी त्यांना मावशी म्हणायची.

एका सकाळी आम्ही तिघी गोधड्या धुवायला नदीवर गेलो. पावसाळ्यातल्या पुरानं काठाची दरड कोसळली होती. त्या पिवळट मातीतून निघालेला एक जड दगड मावशींनी पाण्याजवळ ओढून आणला. टाकी लावलेल्या पाट्यासारखा खरबरीत. त्यावर गोधडी घासत त्या खुशीत म्हणाल्या, "पाय वं पोरी, कसा मळ काढून राहिला!"

मी वाकून पाहिलं. एकामागे एक आडव्या कडा, खाली मुळासारखा भाग. आमच्या कॉलेजात हत्तीची कवटी होती, तिच्या जबड्यात असंच होतं. माझ्या हातातली गोधडी सुटली नि वाहत चालली.

"मावशी, घासू नका! दाढ आहे ती!"

"कोनाची वं?"

"हत्तीची! हजारो वर्षांपूर्वीची. दगड झालाय तिचा."

मावशींनी जीभ फिरवून आपल्या उरलेल्या दाढा चाचपल्या. "एवढी मोठी? आन् आपल्या इथं हत्ती काहून येतीन?"

"तेव्हा इथं गवत असेल, डोह असतील. पाण्यावर आलेला एखादा मेला, गाळात गाडला गेला."

तोवर बहीण गोधडीमागे गुडघाभर पाण्यात धावत होती. हे ऐकून तिला इतकं हसू आलं की ती तिथेच पाण्यात बसली.

मी अकोल्याला जाऊन माझ्या जुन्या प्राध्यापकांना सांगितलं. पुढच्या रविवारी ते एसटीनं आले. अर्धं गाव काठावर लोटलं. दरडीतून एक मोडकं शिंग निघालं, नंतर नळीचं जाडजूड हाड. प्रत्येक वेळी एकच गलका. सर चिखलात मांडी घालून बसले होते आणि लहान मुलासारखे हसत होते. दुपारी वाळूतच भाकरी नि ठेचा झाला.

निघताना त्यांनी दाढ कॉलेजसाठी मागितली. मावशी म्हणाल्या, "न्या, पन आमच्या गावाचं नाव लिहा तिच्यावर."

उन्हाळ्यात मी मावशींना अकोल्याला कॉलेजात घेऊन गेले. काचेच्या कपाटात दाढ होती, खाली चिठ्ठीवर गावाचं नाव. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडून ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. तेवढ्यात कॉलेजातल्या तीन-चार मुली आत आल्या. मावशींनी पदर सावरला, त्यांना हातानं जवळ बोलावलं आणि ठणठणीत आवाजात सुरुवात केली, "या वं पोरींनो, आमच्या गावचा हत्ती दाखवतो तुमाले!"