रंगूबाईंची गेलेली चव

कोपरच्या रंगूबाईंच्या हातचं जिताड्याचं कालवण खायला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांचे परदेशी पाहुणे हॉटेलात यायचे. हॉटेलचा मालक सौमित्र त्यांच्यापुढे नाशिकची पांढरी वाईन ठेवायचा आणि सांगायचा, "हे आगरी जेवण. आमच्या मावशी करतात." मावशी मात्र आत चुलीशीच असायच्या. मासळीच्या टोपलीवर नुसतं वाकलं की ताजं-शिळं त्यांना कळायचं.

यंदा थंडीत त्यांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच, आणि त्याच्यामागे चवही. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. नाहीही येणार." रंगूबाईंनी हॉटेलात कुणाला सांगितलं नाही. मसाला मुठीच्या अंदाजाने, मीठ चिमटीने. हाताच्या सवयीवर निभत होतं.

एका दुपारी त्यांनी तुकडे कालवणात सोडले आणि शेजारी भाजी चिरणारी निशा नाकाला ओढणी लावून उठली.

"मावशी, मासा खराब आहे. तुम्हाला वास नाही आला?"

रंगूबाई पातेल्याकडे बघत राहिल्या. "मना वासच येत नाय गो. ताप आलेला तवापासून."

निशाने पातेलं ओतून दिलं. सौमित्र रागावला नाही, तेच त्यांना जड गेलं. "तुम्ही बाहेर बसा आता," तो म्हणाला. "भाकऱ्या थापून दाखवा. लोकांना आवडेल."

तेव्हापासून त्या हिरवं लुगडं नेसून टेबलांजवळ भाकऱ्या थापतात. पाहुणे फोटो काढतात. एकदा एका गोऱ्या बाईने वाईनचा पेला त्यांच्या हातात दिला.

"विचारतायत, कालवणाबरोबर ही चालते का?" सौमित्र म्हणाला.

त्यांनी घोट घेतला. गार होतं, एवढंच कळलं.

"चालते," त्या म्हणाल्या, आणि टेबलावरचे सगळे खूश झाले.

आत निशा कालवण करते. परवा तिने त्यांना आत बोलावून वाटी हातात दिली. तिखटाने रंगूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चिंच पडली होती की नाही, देव जाणे.

"तुला कसं लागतं?"

"बरं लागतं. पण तुमच्यासारखं नाही."

"काय कमी हाय?"

"तेच तर कळत नाही, मावशी."

दोघी पातेल्याशी उभ्या राहिल्या. बाहेरून ऑर्डर आली, तेव्हा निशाने तेच वाढायला घेतलं.