भाड्याच्या घरातला झोपाळा

निवृत्तीनंतर मला शाळांत, ज्येष्ठ नागरिक संघांत बोलायला बोलावतात. "साहेब, एखादी केस सांगा," म्हणतात. मी दरोड्याची सांगतो, बनावट दागिन्यांची सांगतो. एक केस मात्र इतकी वर्षे टाळत आलो. तिच्यात खून नाही, पाठलाग नाही. विसरलो होतो असेही नाही. बाकीच्या आठवायला लागतात, ही आपोआप आठवते. नावे कोणाचीच देत नाही. माझी चूक मात्र झाकणार नाही.

पिंपळे सौदागर-रहाटणी भागात मी तेव्हा निरीक्षक होतो. गौरी-गणपती तोंडावर आले होते, ठाण्यात बंदोबस्ताच्या बैठका चालू होत्या. अशातच एका सकाळी तिथल्या जुन्या गावकरी घराण्यातला थोरला भाऊ तक्रार अर्ज घेऊन आला. त्यांच्या जमिनीवर सोसायटी उभी राहिली होती आणि मोबदल्यात दोघा भावांना फ्लॅट मिळाले होते. थोरला स्वतः बंगल्यात राहायचा. त्याने एक फ्लॅट भाड्याने दिला होता, पण त्यातली एक खोली आपल्या सामानासाठी कुलपात ठेवली होती. त्या खोलीतल्या ट्रंकेतून घराण्याच्या गौरींचे चांदीचे मुखवटे गेले होते.

"कुलूप तोडलंय का?" मी विचारले.

"न्हाई सायेब. चावीनं उघडलंय. चावी भाडेकऱ्याच्याच सैपाकघरात, दारामागं खिळ्याला. आमच्याकडं हरवती म्हणून त्याच्याकडंच ठिवलेली. आठ वरीस घरच्यासारखा ऱ्हायला, आन् देवावरच हात टाकला!"

दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. "साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. पण रविवारी हा गडी एक मोठं गाठोडं घेऊन जिन्यानं उतरत होता. लिफ्ट चालू असताना जिन्यानं! खाली रिक्षात ठेवलं आणि इकडंतिकडं बघत परत वर गेला."

चावी आणि गाठोडे. मला आणखी काही नको होते.

मी तो फ्लॅट पाहायला गेलो आणि दारातच थबकलो. कोपऱ्यावरचे घर. बिल्डरने जुन्या विहिरीवरचे उंबराचे झाड तोडले नव्हते, त्याच्या फांद्या थेट बाल्कनीपर्यंत आल्या होत्या. चाकणच्या कारखान्यांत यंत्रे येतात त्या पेट्यांची लाकडे विकत घेऊन भाडेकऱ्याने स्वतःच्या हाताने झोपाळा केला होता. त्याच लाकडाची स्वयंपाकघरात फळी, खिडकीत कुंड्यांचे कठडे, कुंड्यांत कढीपत्ता आणि गोकर्ण. जमीन आरशासारखी पुसलेली. मालकाच्या बंद खोलीच्या दाराला सुद्धा तेलपाणी केलेले. आतल्या उघड्या ट्रंकेवर मी ओझरती नजर टाकली.

खरे सांगायचे तर मला ते घर खटकले. बदलीच्या नोकरीत मी उभ्या आयुष्यात सरकारी क्वार्टरच्या भिंतीत एक खिळा ठोकला नव्हता. दुसऱ्याच्या घरात एवढा जीव कोण लावतो? ज्याचा काहीतरी डाव आहे तोच. असा विचार मी केला, आणि त्याला पोलिसी नजर म्हणालो.

भाडेकरी मूळचे लातूरकडचे, आकुर्डीच्या एका कारखान्यात कंत्राटी फिटर. त्या वेळी मी त्यांना अरे-तुरे करत होतो, इथे करणार नाही. मी त्यांना घरून बोलावू शकलो असतो. त्याऐवजी जीप कंपनीच्या बसथांब्यावर नेली. पहिल्या शिफ्टची माणसे डबे घेऊन उभी होती. सगळ्यांच्या देखत त्यांना उचलले.

ठाण्यात बाकावर बसवले. गुन्हा अजून नोंदवला नव्हता, नुसत्या अर्जावर चौकशी होती.

"गाठोडं होतं?"

"होतं साहेब."

"कुणाचं?"

"चोरीचं नव्हतं बघा."

"कुणाचं, ते विचारतोय."

"ते मला सांगता येत नाही. कुणाला तरी शब्द दिलाय."

आमचा हवालदार हसला. "शब्द दिलाय म्हणे! राव, कंत्राटावरचा माणूस तू, शब्द तरी पर्मनंट देतो का?"

ते खाली बघून म्हणाले, "गौरी बसूस्तोवर थांबा साहेब. मग तुम्हालाच कळंल. मी कुठं पळून चाललो? माझं घर हितंच हाय."

"तुझं घर?" मी म्हणालो, "भाड्याचं घर तुझं कधीपासून झालं?"

दुसऱ्या दिवशीही सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवले. हात उचलला नाही, असे मी अनेकांना सांगितले आहे. एकदा उचलला होता. तेव्हाही त्यांनी नाव सांगितले नाही. बाहेर त्यांची बायको डबा घेऊन उभी असायची. "त्यांना शुगर हाय हो, येळेवर खाऊ तरी द्या," एवढेच ती प्रत्येक शिपायाला सांगायची.

त्या संध्याकाळी घरी गेलो तर आमच्याकडेही गौरींची ट्रंक उघडलेली. बायको एकेक वस्तू काढून मला देत होती. मुखवटे, मग लोखंडी स्टँड, कापूस भरलेले हात, माझ्या आईच्या काळातल्या विटक्या साड्या, काचेच्या बांगड्या. वस्तू संपेनात. माझ्या हातात एक कापडी हात होता आणि मला त्या बंद खोलीतली ट्रंक दिसली. ती पूर्ण रिकामी होती. तळाला नुसता वर्तमानपत्राचा कागद.

चांदी चोरणारा विटक्या साड्या कशाला नेईल? लोखंडी स्टँड जिन्याने कशाला उतरवेल? सगळे एकत्र नेणाऱ्या माणसाला गौरी बसवायच्या होत्या, आणि त्या बसवते घरातली थोरली सून. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते. पण मी ट्रंक नीट पाहिलीच नव्हती, झोपाळा पाहत होतो.

सकाळी ते पुन्हा ठाण्यात बाकावर होतेच. मी महिला शिपायाला घेऊन बंगल्यावर गेलो. थोरल्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. मी सरळ विचारले, "वहिनी, गौरी कुठं ठेवल्यात?"

तिने सूप बाजूला ठेवले. घाबरली नाही. "माझ्या माहेरी हायेत, मावळात. सुखरूप हायेत."

"का नेल्या?"

"दोघा भावांच्या वाटण्या चालल्यात सायेब. जमीन वाटली, गाळे वाटले. आता म्हणत्यात थोरली गौर आमच्याकडं, धाकटी त्यांच्याकडं. आवो, त्या बहिणी हायेत! एकमेकींबिगर कशा ऱ्हातील? म्हणलं, सणाच्या दिशी आणीन आन् दोघी एकाच पाटावर उभ्या करीन. मग बघू कोण उचलतंय."

"आणि भाडेकरी?"

"त्या दादांनी वझं तेवढं खाली नेलं. मीच शपथ घातली, गौरी बसूपतूर बोलू नका म्हणून. व्हय, त्यांचं काय झालं?"

मी सांगितले. तिच्या नवऱ्याने तिला यातले अक्षर कळू दिले नव्हते. ती तशीच अनवाणी उठली. "चला आदी ठाण्यात. पयलं त्यांना सोडा."

सोडले. त्या वर्षी गौरी एकाच पाटावर उभ्या राहिल्या. भावांनी एकत्र बसून जेवण केले, मलाही बोलावणे आले, मी जेवून आलो. थोरला मला बाजूला घेऊन म्हणाला, "घरातली गोष्ट हाय सायेब. बाहेर वाच्यता नको." मी मान डोलावली. वरिष्ठांनी तत्परतेबद्दल शाबासकी दिली, ती घेतली.

वाच्यता झाली नाही, म्हणून सोसायटीपुरती गोष्ट अर्धीच राहिली. भाडेकऱ्याला पोलिसांनी उचलले आणि चोरीचा माल परत मिळाला, एवढेच लोकांना ठाऊक. कारखान्याने त्यांना पुन्हा कामावर घेतले नाही. करार संपल्यावर थोरल्याने तो वाढवला नाही. घरचे गुपित ठाऊक असलेला माणूस त्याला घरात नको होता. त्याची बायको भांडली, पण तिचे चालले नाही. मी सोसायटीच्या बैठकीत जाऊन एक वाक्य बोललो असतो तर पुरले असते. बंदोबस्त होता, असे कारण मी स्वतःला दिले. पुढे एकदा गस्तीवरून जाताना फाटकापाशी टेम्पो दिसला. झोपाळा टेम्पोत मावेना, म्हणून ते त्याचे बोल्ट काढत होते. मी जीप थांबवली नाही.

गप्प बसणारा माणूस दुसऱ्या कोणाला वाचवत असू शकतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो. आणि घर कागदावर कोणाचे आहे यावरून माणसाची त्या घरावरची माया मोजता येत नाही. पुढच्या प्रत्येक चौकशीत हे मी पाळले. ते शिकायला त्यांचे घर गेले.

निवृत्तीनंतर चौकशी करकरून त्यांचा पत्ता मिळवला. चाकणजवळ ओळीने बांधलेल्या खोल्यांपैकी एक. कुंड्या नाहीत, भिंतीवर एक कॅलेंडरसुद्धा नाही. मी काय बोलायचे ते वाटेत पाठ केले होते. दार त्यांच्या बायकोने उघडले. तिने मला ओळखले, ती आत गेली आणि डबा भरू लागली.

ते बाहेर आले. केस पिकले होते. मला पाहून त्यांनी कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या, बायकोच्या हातून डबा घेतला आणि म्हणाले, "चला साहेब."

मी म्हणालो, "काही नाही. सहज आलो होतो."